एक यंत्र, अनेक बिऱ्हाडे

तालुक्याच्या गावातले एखादे माध्यमिक विद्यालय, शंभरी ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय, नोकरदारांची पतपेढी किंवा वर्षाकाठी चारदोन पुस्तके काढणारा प्रकाशक, या सर्वांच्या पत्रव्यवहाराच्या कागदावर दूरध्वनी क्रमांकाखाली आता संकेतस्थळाचा पत्ताही छापलेला असतो. ज्याअर्थी पत्ता स्वतंत्र, त्याअर्थी घरही स्वतंत्र असले पाहिजे, अशी तो पाहणाऱ्याची समजूत होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती बहुधा निराळी असते. विद्यालय, वाचनालय, पतपेढी आणि प्रकाशक हे चौघेही एकाच यंत्राच्या पोटात नांदत असण्याचा संभव पुष्कळ असतो. त्यांच्यासोबत एखादे मंगल कार्यालय, कीटकनाशकांचा घाऊक व्यापारी, दूरच्या देशातली एखादी नृत्यशाळा अशी आणखी काहीशे बिऱ्हाडेही तेथे असतात. या शेजाऱ्यांना परस्परांची गंधवार्ताही नसते.

एकाच वेब सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदविण्याच्या या व्यवस्थेची चर्चा तंत्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी होत नाही. ती व्हावयास हवी. सामान्य माणसाला आणि लहान संस्थेला जगासमोर काही मांडण्याची जी स्वस्त सोय गेल्या तीस वर्षांत उपलब्ध झाली, ती प्रामुख्याने या सहनिवासातून झाली आहे. आणि या सहनिवासाबरोबर जी जोखीम आली, तिचे भान भाडेकरूंना नाही व संकेतस्थळांवर बंदीचे हुकूम काढणाऱ्यांनाही पुरेसे आलेले दिसत नाही.

रिकाम्या यंत्राचा हिशेब

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला मागेल ते पान काढून देणारा, रात्रंदिवस चालू असलेला संगणक. तो किती वेळ खरोखर कामात असतो, याचा एक साधा हिशेब मांडून पाहता येईल. समजा, विद्यालयाच्या संकेतस्थळाला दिवसाकाठी दोनशे माणसे भेट देतात आणि प्रत्येकजण पाच पाने उघडतो. म्हणजे एकूण हजार पाने झाली. एक पान तयार करून रवाना करण्यास यंत्राला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो असे धरले, तर दिवसभराचे काम दोनशे सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आतच उरकते. दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. याचा अर्थ, विद्यालयाने स्वतःसाठी स्वतंत्र यंत्र घेतले, तर त्याच्या क्षमतेचा पाव टक्काही वापरला जाणार नाही. उरलेला सारा काळ ते वीज खात, उष्णता सोडत स्वस्थ बसून राहील. पुन्हा त्याला अखंड वीज हवी, थंड हवा हवी, इंटरनेटची जोडणी हवी आणि अपरात्री बंद पडल्यास धावून येणारा जाणकार माणूस हवा. हा सर्व खर्च दोनशे सेकंदांच्या कामावर पडणार.

आता अशीच शंभर संकेतस्थळे एका यंत्रावर ठेवली, तर एकूण काम साडेपाच तासांचे होते, आणि चोवीस तासांच्या दिवसात ते सहज सामावते. यंत्राची किंमत, वीज, जागा आणि जाणकाराचा पगार यांचे शंभर वाटे होतात. मुंबईच्या गिरणगावात चाळी उभ्या राहिल्या त्यांमागेही असलाच हिशेब होता. जिना एक, सज्जा एक, नळ एक आणि खोल्या अनेक. ज्याला बंगला बांधणे सात जन्मांत शक्य नव्हते त्याला शहरात पाय टेकण्यापुरती जागा चाळीनेच दिली. वर्षाला काही हजार रुपयांत एखाद्या वाचनालयाला आपली ग्रंथसूची जगासमोर ठेवता येते, ती याच न्यायाने.

पाकिटावरचे नाव

परंतु चाळीत राहावयाचे तर पोस्टमनला खोली सापडली पाहिजे. हा प्रश्न प्रारंभी कोणाला पडलाच नव्हता, कारण प्रारंभी चाळी नव्हत्या. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर चालू केला, तो त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर. हे यंत्र सर्व्हर असून ते कोणी बंद करू नये, अशी हाताने लिहिलेली सूचना त्यावर चिकटवलेली होती. एक यंत्र आणि एक संकेतस्थळ असा तो मामला होता. साहजिकच, वाचकाच्या संगणकाने सर्व्हरशी बोलताना पाळावयाचे जे नियम ठरले, त्यांत ‘अमुक पान पाठवा’ एवढेच सांगण्याची तरतूद होती. कोणाचे पान, हे सांगण्याची गरज नव्हती.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून नावांची योजना झाली. ब्राउझरमध्ये नाव टाकले की, प्रथम त्या नावाचा आकडा कोणता हे एका जागतिक निर्देशिकेतून शोधले जाते आणि मग त्या आकड्याच्या यंत्राशी बोलणे सुरू होते. दोन निराळ्या नावांचा आकडा एकच असू शकतो, त्यास कसलीही आडकाठी नाही. अडचण पुढे येते. दोन्ही नावांचे वाचक एकाच दारात येऊन ‘पहिले पान द्या’ एवढेच म्हणू लागले, तर यंत्राने कोणाचे पान कोणाला द्यावे? इमारतीचा पत्ता बिनचूक, पण भाडेकरूचे नाव नाही, अशा पत्रासारखी ती स्थिती होती.

यावर पहिला उपाय निघाला तो, एकाच यंत्राला अनेक आकडे देण्याचा. प्रत्येक भाडेकरूला रस्त्यावर स्वतंत्र दरवाजा काढून देण्यासारखे ते होते. ते चालले, परंतु उधळपट्टीचे ठरले. आयपी पत्त्याच्या चौथ्या आवृत्तीत एकूण आकडे आहेत ४,२९,४९,६७,२९६. सव्वाचार अब्ज ही संख्या ऐकावयास प्रचंड वाटते. पण पृथ्वीवरील माणसांची संख्या तिच्याहून मोठी आहे. किरकोळ संकेतस्थळांसाठी एकेक आकडा खर्ची घालणे म्हणजे दुष्काळी भागात अंगणात सडा घालण्यासाठी टँकर मागविण्यासारखे होते. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी विभागीय संस्थांना वाटून संपले, आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत आशिया-प्रशांत विभागाच्या संस्थेवर उरलेल्या अखेरच्या गठ्ठ्यातून काटकसरीने वाटप करण्याची पाळी आली.

दुसरा उपाय इतका साधा होता की, तो प्रथमच कसा सुचला नाही याचे नवल वाटावे. वाचकाच्या ब्राउझरने पान मागताना एक ओळ अधिक लिहावयाची, की आपल्याला कोणत्या नावाचे संकेतस्थळ हवे आहे. या ओळीला ‘होस्ट’ असे नाव आहे. मराठी माणूस पत्रावर ‘द्वारा अमुक’ असे लिहितो, त्याच्या हे उलट टोक म्हणावे लागेल. येथे घरमालकाचा पत्ता आधीच पक्का असतो आणि भाडेकरूचे नाव तेवढे लिहावयाचे असते. काही ब्राउझर ही ओळ आधीपासूनच पाठवू लागले होते. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमावलीच्या १.१ या आवृत्तीने ती सक्तीची केली. ज्या मागणीत ही ओळ नसेल ती मागणी सदोष ठरवून परत पाठवावी, असा दंडकच सर्व्हरना घालून दिला. या एका ओळीने एका आकड्यामागे हजारो नावे नांदू शकली. वेबच्या इतिहासात मोठमोठ्या शोधांचे पोवाडे गायले जातात. परंतु गरिबांच्या पदरात सर्वांत अधिक माप कोणी टाकले असा प्रश्न केला, तर या ओळीचे नाव बरेच वर घ्यावे लागेल.

सर्व्हरच्या बाजूस व्यवस्था सोपी असते. १९९५ पासून प्रचारात असलेल्या अपाची या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या एन्जिनएक्समध्येही, एक नोंदवही असते. तीत अमुक नाव विचारले तर अमुक कप्प्यातील पाने द्यावीत, अशा नोंदी असतात. विचारलेले नाव नोंदवहीत सापडलेच नाही तर काय? अशा वेळी अपाची, दुसरी काही आज्ञा नसेल तर, त्या पत्त्यावरील पहिल्या नोंदीचे पान देऊन मोकळे होते. पतपेढीचे संकेतस्थळ उघडावयास जावे आणि तेथे भलत्याच दुकानाची जाहिरात दिसावी, असा चमत्कार कधी घडतो, त्याचे कारण पुष्कळदा घातपात हे नसून नोंदवहीतील चूक हे असते.

कुलपाचा पेच

होस्टच्या ओळीने सर्व प्रश्न सुटले असे मात्र झाले नाही. पतपेढीचा खातेदार आपला परवलीचा शब्द पाठवितो तेव्हा मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो कुलूपबंद व्हावा लागतो. हे कुलूप घालण्यापूर्वी सर्व्हरने आपल्या ओळखीचे प्रमाणपत्र दाखवावयाचे असते आणि ते प्रमाणपत्र विशिष्ट नावाचे असते. येथे गाठ बसली. नाव सांगणारी ओळ कुलपाच्या आतल्या पत्रात होती आणि कुलूप घालण्यासाठी नाव आधी कळावयास हवे होते. परिणाम असा की, ज्याला सुरक्षित संकेतस्थळ हवे त्याला पुन्हा स्वतंत्र आकडा घेणे भाग पडे. म्हणजे सुरक्षितता ही बंगलेवाल्यांची मिरास ठरली.

जून २००३ मध्ये या गाठीवर तोडगा प्रसिद्ध झाला. कुलूप घालण्याच्या बोलण्यातच, उघडपणे, हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नाव सांगावे, असा तो होता. परंतु उपाय सापडणे आणि तो लागू पडणे यांत अंतर असते. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ही नवी रीत अखेरपर्यंत कळली नाही, आणि मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सांभाळ थांबविला तो ८ एप्रिल २०१४ रोजी. जुने संगणक वापरणारे वाचक दुरावतील या भीतीने सर्व्हरवाल्यांनी एक तप वाट पाहिली. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रमाणपत्रे फुकट देऊ लागली आणि मग खऱ्या अर्थाने चाळीतल्या प्रत्येक खोलीला कुलूप मिळाले. तंत्रज्ञानाची गती वाऱ्यासारखी असते असे म्हणणाऱ्यांनी ही बारा वर्षे ध्यानात ठेवलेली बरी.

सगळे एकदम आले तर?

होस्टिंगच्या जाहिरातींत ‘अमर्याद जागा’ आणि ‘अमर्याद वाहतूक’ असे शब्द सर्रास वापरले जातात. यंत्र मर्यादित असताना हे वचन देता कसे येते? बँकेच्या व्यवहाराची ओळख असलेल्या वाचकाला याचे उत्तर सांगावयास नको. ठेवीदारांच्या सर्व ठेवी बँकेच्या तिजोरीत कधीच नसतात. सर्व ठेवीदार एकाच दिवशी दारात येणार नाहीत या विश्वासावर तिचा व्यवहार चालतो. सर्व्हरचा मालक हेच करतो. प्रत्येकाला भरपूर देऊ करावयाचे आणि बहुतेकजण त्याचा अल्पांशच वापरतील यावर भिस्त ठेवावयाची. यात लबाडी आहेच असे नव्हे. किंबहुना हाच या धंद्याचा पाया आहे. फक्त ‘अमर्याद’ या शब्दाला कराराच्या बारीक टाइपात मर्यादा घातलेली असते आणि ती वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

परंतु हा हिशेब एका अटीवर अवलंबून आहे. प्रत्येक भाडेकरूची गर्दीची वेळ निरनिराळी असली पाहिजे. मंगल कार्यालयाची चौकशी तुळशीच्या लग्नानंतर वाढते, कीटकनाशकांची खरिपात, शाळेची जूनमध्ये. असे मिश्रण असले की, एकाची गर्दी दुसऱ्याच्या शांततेत जिरून जाते. याउलट एकाच यंत्रावर पन्नास शाळा ठेवल्या आणि दहावीच्या निकालाचा दिवस उजाडला, तर पन्नासांची गर्दी दुपारच्या एकाच घटकेला लोटते. तेथे यंत्राची सरासरी क्षमता कितीही असली तरी उपयोग नाही. विमा कंपनीने एकाच नदीकाठच्या सर्व घरांचा पुराविरुद्ध विमा उतरावा, तसा तो प्रकार होतो. जोखीम वाटली गेली असे वाटत असते, प्रत्यक्षात ती एकत्र गोळा झालेली असते.

यावर गेल्या वीस वर्षांत आणखी एक मार्ग निघाला. एका यंत्राचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक आभासी यंत्रांत विभाजन करावयाचे आणि गर्दी वाढेल तसे अधिक यंत्र तासाच्या भाड्याने घ्यावयाचे. अमेझॉनने ही भाडेपद्धती २००६ मध्ये सुरू केली आणि २०१६ मध्ये तिचे केंद्र मुंबईतही उघडले. येथे भिंती अधिक जाड असतात. शेजाऱ्याने आरडाओरडा केला तरी झोपमोड कमी होते. परंतु जमीन, जिना आणि छप्पर अजूनही सामायिकच असते, हे विसरून चालणार नाही.

सहनिवासाचा एक लाभ मात्र मुद्दाम सांगण्याजोगा आहे, कारण तो थेट मराठीच्या पदरात पडला आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया इंग्रजी, जर्मन, जपानी अशा बलाढ्य भावंडांबरोबर त्याच सर्व्हरांच्या ताफ्यावर आणि त्याच सॉफ्टवेअरवर चालतो. कोणती भाषा हवी हे यंत्राला कळते ते नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून. मराठीच्या वाचकसंख्येवर स्वतंत्र ताफा, स्वतंत्र तंत्रज्ञ आणि चोवीस तासांची देखभाल परवडली असती काय? सामायिक खर्च मोठ्याने उचलावा आणि लहानाने त्याच छपराखाली वाढावे, ही एकत्र कुटुंबाची रीत येथे उपयोगी पडली.

शेजाऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त

एकत्र राहण्याचे दुखणेही एकत्र असते. यंत्रावरील एका भाडेकरूने फसवणुकीच्या पत्रांचा पाऊस पाडला की, जगभरच्या टपालसेवा त्या आकड्यालाच काळ्या यादीत टाकतात आणि विद्यालयाने पालकांना पाठविलेली साधी सूचनाही कचऱ्यात जाऊन पडते. एका संकेतस्थळाचे जुने, दुरुस्ती न केलेले सॉफ्टवेअर फोडून कोणी आत शिरला आणि आतल्या भिंती कच्च्या असल्या, तर शेजारच्या खोल्यांतही तो जाऊ शकतो. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, त्याचे हे स्वच्छ उदाहरण होय. निष्काळजीपणा एकाचा आणि भुर्दंड सर्वांना.

यापेक्षाही गंभीर गोष्ट राज्यसंस्थेच्या हातून घडते. बेन एडेलमन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील बर्कमन केंद्रासाठी २००३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, चालू संकेतस्थळांच्या नावांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक नावे आपला आकडा दुसऱ्या कोणा नावाबरोबर वाटून घेत होती, आणि दोन तृतीयांशांहून अधिक नावांचे असे भागीदार पन्नास किंवा अधिक होते. असे असताना एखादे आक्षेपार्ह संकेतस्थळ बंद करण्याचा हुकूम निघाला आणि इंटरनेट सेवादात्याने सर्वांत सोपा मार्ग म्हणून तो आकडाच रोखला, तर काय होईल हे उघड आहे. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्याने २००२ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे दाखविणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध कायदा केला. हेतूविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नव्हते. परंतु चारशेहून कमी संकेतस्थळे रोखण्याच्या प्रयत्नात अकरा लाखांहून अधिक निर्दोष संकेतस्थळे बंद झाली, असे न्यायालयापुढे आले आणि सप्टेंबर २००४ मध्ये संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला.

आपल्याकडेही याची प्रचीती आली आहे. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका बंदी घातलेल्या संघटनेशी संबंधित असा याहूवरील एकच चर्चागट बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने दिला. सेवादात्यांनी याहूचे सर्व चर्चागट बंद केले. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बाँबस्फोट झाले, त्यानंतर दोनच दिवसांनी दूरसंचार खात्याने दीडदोन डझन पत्त्यांची यादी सेवादात्यांकडे धाडली. अनेक सेवादात्यांनी ब्लॉगस्पॉट हे सगळे स्थळच बंद करून टाकले. तेथे पाककृती लिहिणारे, कविता लिहिणारे, प्रवासवर्णने लिहिणारे हजारो भारतीय होते; त्यांतील एकाचाही यादीशी संबंध नव्हता. पुढे बंदी नेमक्या पानांपुरतीच ठेवावी, असे दूरसंचार खात्यालाच सेवादात्यांना बजावावे लागले. चोर एका खोलीत सापडला म्हणून अख्ख्या चाळीला टाळे ठोकण्याचा हा न्याय शहरातील कोणत्याही पोलीस ठाण्यात कोणी ऐकून घेतला नसता. इंटरनेटवर तो खपून गेला, कारण भाडेकरू परस्परांना दिसत नव्हते आणि टाळे ठोकणाऱ्याला खोल्या दिसत नव्हत्या.

हा रोग जुना झाला असे मानण्याचे कारण नाही. स्पेनमध्ये फुटबॉलचे सामने चोरून दाखविणाऱ्यांना आवर घालण्यासाठी व्यावसायिक संघटनेने न्यायालयाचा आदेश मिळविला आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून सामन्यांच्या वेळी क्लाउडफ्लेअर या कंपनीचे आकडे रोखले जाऊ लागले. त्या आकड्यांमागे असंख्य संकेतस्थळे होती. सामना सुरू झाला की, फुटबॉलशी सुतराम संबंध नसलेल्या दुकानदारांची दारेही बंद होत. येथे एक विचित्र पेच निर्माण झाला आहे. कुलूप घालतानाच्या बोलण्यात संकेतस्थळाचे नाव उघडपणे सांगावे लागते, हे वर आलेच आहे. ते नावही झाकून टाकण्याची रीत आता वापरात येऊ लागली आहे. वाचकाच्या खाजगीपणाच्या दृष्टीने ती स्वागतार्हच आहे. परंतु नाव दिसेनासे झाले की, रोखणाऱ्याच्या हाती पुन्हा आकडाच उरतो, आणि आकड्याचा घाव सर्वांवर बसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ या कलमाखाली, म्हणजे २००९ पासून अमलात असलेल्या तरतुदीखाली, आपल्या सरकारला संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार आहे. तो वापरताना बंदी नावापुरतीच असावी, आकड्यावर कदापि नसावी, आणि निरपराध शेजाऱ्याला तातडीने दाद मागता यावी, असे निःसंदिग्ध बंधन सेवादात्यांवर घालणे अगत्याचे आहे. आदेशाच्या अंमलबजावणीत सोय कोणाची आणि गैरसोय कोणाची, हे सेवादात्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही.

भाडेकरूचा हक्क

मुंबईतील भाडेकरूला १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने संरक्षण दिले. त्या संरक्षणाने चाळींची डागडुजी थांबली, हेही तितकेच खरे आहे. तो वाद येथे नको. सर्व्हरवरील भाडेकरूला मात्र यातले काहीच नाही. जिओसिटीज या अमेरिकन कंपनीने सामान्य माणसांना आपल्या यंत्रांवर फुकट जागा दिल्या होत्या आणि त्यांना वस्त्यांची नावे देऊन घरांना क्रमांकही घातले होते. १९९९ मध्ये याहूने ती वसाहत विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील जिओसिटीज बंद केली. रहिवाशांचा पत्ताच मुळात मालकाच्या नावाखाली होता. त्यामुळे ज्यांनी सामान वेळेत हलविले, त्यांनाही जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नवे घर दाखविता आले नाही. त्या पानांचा मोठा भाग आज पाहावयास मिळतो तो काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने घाईघाईने प्रती काढून ठेवल्या म्हणून.

आगीचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या सर्व्हरांची एक इमारत जळून खाक झाली. नेटक्राफ्ट या संस्थेच्या मोजणीप्रमाणे ३६ लाख संकेतस्थळे एकाच वेळी बंद पडली. ज्यांच्या प्रती दुसऱ्या गावी होत्या ते लवकरच सावरले. काहींच्या प्रती त्याच आवारात ठेवलेल्या होत्या. त्यांना सांगण्यासारखे फारसे काही उरले नाही.

आपल्या लहान संस्थांचा कारभार या बाबतीत बहुधा विश्वासावर चालतो. संकेतस्थळ करून देणारा गावातलाच एखादा तरुण असतो. नाव तो स्वतःच्याच खात्यावर नोंदवितो, सर्व्हरची जागाही तोच घेतो आणि दरवर्षी एक बिल पाठवितो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी जातो. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहते, मुदत उलटते आणि काही दिवसांनी ते नाव बाजारात मोकळे होते. येणाऱ्यांचा वर्दळीचा रस्ता तयार आहे म्हणून असे नाव उचलणारे टपलेलेच असतात. संस्थेच्या कार्यकारी मंडळाने लेखापरीक्षणाच्या वेळी तीन गोष्टी विचारून घेण्यास काही खर्च येत नाही. नाव संस्थेच्या मालकीचे म्हणून नोंदले आहे काय, त्याची सूचना संस्थेच्या कार्यालयात येते काय आणि संपूर्ण संकेतस्थळाची अलीकडची प्रत सर्व्हरखेरीज दुसऱ्या कोणत्या जागी आहे. नाव आणि प्रत हाती असली तर यंत्र बदलणे हे एका दिवसाचे काम आहे: निर्देशिकेत नव्या यंत्राचा आकडा नोंदवावयाचा, आणि वाचकाला बिऱ्हाड हलल्याचा पत्ताही लागत नाही.